पेवाचं तोंड

दुपारचे अडीच. चहावर साय धरलीय आणि स्क्रीनवर तासाभरापासून एकच वाक्य आहे : हळद भारतात प्राचीन काळापासून वापरली जाते. इंग्रजीत आहे म्हणून जरा भारदस्त वाटतं, एवढंच. पेपर साठवणुकीतल्या हळदीवर. प्रयोग झाले, तक्ते झाले, आलेख तर दोनदा झाले. गाडी अडलीय ती इंट्रोडक्शनपाशी.

सर म्हणतात, इंट्रोडक्शन म्हणजे नरसाळं. वर जगभरची हळद, मग भारतातली, मग सांगलीची आणि निमुळत्या तोंडातून शेवटी टपकन आपला प्रश्न. मध्ये कुठंतरी ‘यावर फारसं काम झालेलं नाही’ हे हवंच. म्हणजे आधी खड्डा दाखवायचा, मग तो आपणच बुजवायचा.

खड्ड्यावरून सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं आठवली, हळद साठवायची जमिनीखालची कोठारं. वरून बघावं तर माणूस कसाबसा उतरेल एवढं तोंड, आत मात्र मडक्यासारखं ऐसपैस. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही, आत हवा कोंडलेली. दोरीला बांधून कंदील सोडायचे. आम्ही पोरं काठावर पालथी. ‘इझला तर कुणी पाय टाकायचा न्हाई!’ अण्णा दरडावायचे. एकदा ज्योत लपलपली, बारीक झाली आणि गेली. आम्ही टाळ्या पिटल्या, तर अण्णांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. खालून आलेला तो उग्र, उबट वास अजून नाकात आहे. पण वासाचा संदर्भ कसा द्यायचा?

आजीचाही देता येत नाही. जखमेवर हळद दाबायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. त्याच गुणाचं १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं आणि ते १९९७ मध्ये रद्द होईपर्यंत सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेला जुने छापील पुरावे मांडावे लागले. आजी पुराव्यात बसली नसती.

मला पेवासारखं लिहायचंय. तोंड लहान, माल आत. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये पेपरच्या पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं की आम्ही डीएनएची रचना सुचवतोय. हे सरांना ऐकवलं. ते म्हणाले, ‘तुझ्याकडं डीएनए आहे का?’

२००५ च्या पुरात हरिपूरच्या कितीतरी पेवांत पाणी शिरलं. अण्णांचं त्यातलंच. त्यांनी ते मुरूम टाकून बुजवलं, वर आता नातवाची मोटारसायकल लागते. आत किती माल होता, विचारलं तर अण्णा दुसरीकडं बघतात.

चहा पार गार झाला. पहिलं वाक्य तसंच ठेवलंय.