साखर १०४, मग पोटाचा घेर कशाला मोजायचा?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न बहुतेक असाच येतो: 'उपाशीपोटी साखर १०४ आली, डायबेटिस नाही म्हणाले. वजनही बेताचंच. मग डॉक्टर टेप घेऊन पोट का मोजतात?'

१०४ म्हणजे डायबेटिस नाही, हे खरं. पण या दुखण्यात, म्हणजे मेटाबॉलिक सिंड्रोममध्ये, साखर बहुधा उशिरा हलते. पोटाच्या आत आणि लिव्हरमध्ये चरबी साठली की लिव्हर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. स्वादुपिंड मग जास्त इन्सुलिन सोडून साखर आवरून धरतं. वर्षानुवर्षं रिपोर्ट नॉर्मल दिसतो तो त्यामुळे. तेवढ्या काळात ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) चढतं, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) घसरतं. स्वादुपिंडाच्या पेशी थकल्या की मग साखर वर येते. मानेवर काळपट मखमली पट्टा दिसला तर घासत बसू नका. तो मळ नसतो, बऱ्याचदा वाढलेल्या इन्सुलिनची खूण असते.

पाचांपैकी तीन गोष्टी जुळल्या की मेटाबॉलिक सिंड्रोम: घेर पुरुषांत ९० सेंमी, बायकांत ८० किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, एचडीएल पुरुषांत ४०, बायकांत ५०च्या खाली, बीपी वरचं १३० किंवा खालचं ८५, यातला एक आकडा गाठलेला, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. बीपीची गोळी चालू असेल तर बीपीची अट जुळली असंच धरायचं, आकडा छान असला तरी.

घेर विचारला की लोक पँटचा नंबर सांगतात. पँट पोटाखाली बसते, तो आकडा निरुपयोगी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, कातडीवर, टेप जमिनीला समांतर धरून, सहज श्वास सोडल्यावर मोजा.

वजनावर भिस्त का ठेवू नये? पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच आकडे छापले. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३. चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२!

ही वाट वळवता येते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत साखर काठावर असलेल्यांना वजन ७ टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं एवढं लक्ष्य दिलं होतं. डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. वजन ७० असेल तर ते ५ किलो होतात. ज्वारीची भाकरी कितीही चालते, हा गैरसमज आहे, तोही पिष्टच. दोनाची एक करा, वाटीभर उसळ वाढवा.

तीन महिन्यांनी टेप पुन्हा लावा. लिपिड प्रोफाइल (ट्रायग्लिसराइड, एचडीएलची रक्ततपासणी) १२ तास उपाशी राहून करा. आदल्या रात्री लग्नाचं जेवण किंवा दारू झाली असेल तर ट्रायग्लिसराइड फुगून येतं. तपासणी चार दिवस पुढे ढकला.