कालव्याकाठचं शिल्प: आधी माती बघा

आजचा दिवस 'केल्पीज' या स्कॉटलंडमधल्या कालव्याकाठच्या शिल्पाच्या तपशिलांत गेला. स्कॉटलंडचा फोर्थ अँड क्लाइड कालवा १७९० साली पूर्ण झाला, १९६३ मध्ये बंद पडला आणि २००१ मध्ये पुन्हा खुला झाला. फॉल्कर्क गावाजवळ त्याच्या काठी शिल्पकार अँडी स्कॉट यांची स्टेनलेस स्टीलची दोन घोड्यांची डोकी, म्हणजेच केल्पीज, २०१३ मध्ये उभी राहिली. उंची ३० मीटर, वजन प्रत्येकी सुमारे ३०० टन. विषय अगदी तिथलाच, कारण एकेकाळी काठाने चालत नावा ओढायचे ते घोडेच! थेट मोठ्या कामाला हात न घालता आधी एक-दशांश आकाराचे नमुने केले होते. हे शहाणपण फार कमी ठिकाणी दिसतं.

जुन्या कालव्याचं पाणी टिकतं ते तळाशी आणि बाजूंना कुटून बसवलेल्या चिकणमातीच्या थरामुळे. पायाचा एक खांब जरी त्यात घुसला तरी गळती सुरू. म्हणून अशा काठी शिल्प उभारायचं तर चित्रकार-शिल्पकारांकडून कल्पना मागवण्याआधीच माती तपासून 'इथे खोदायचं नाही' अशी रेषा नकाशावर मारून द्यावी. जुन्या दगडी बांधकामात बोल्ट ठोकायचे नाहीत, हेही लेखी हवं.

दुसरी चूक धातूची. साध्या पोलादी सांगाड्यावर स्टेनलेस पत्रा थेट बसवला की ओलाव्यात सांगाडाच आधी गंजतो. मध्ये नायलॉनचे वॉशर आणि चकत्या घाला, खाली पाणी निघायला भोकं ठेवा. क्रेन कुठे उभी राहणार? काठाची वाट तिचं वजन बहुधा पेलत नाही. आणि देखभालीचे पैसे करारातच वेगळे काढा, उद्घाटनानंतर ते कोणी देत नाही.