डावीकडचा मॉनिटर

पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळे त्याला लॅमिंग्टन रोडच म्हणतात. तिथल्या एका गाळ्यातून मी जुना, १७ इंची, चौकोनी मॉनिटर उचलला, चादरीत गुंडाळला आणि बिगशॉपरमध्ये घातला. ग्रँट रोडहून दादर, दादरला पूल चढून मध्य रेल्वे, आणि मग डोंबिवली. रॅकवर ठेवायचा धीर होईना, म्हणून सगळी वाट तो मांडीवरच होता.

"टीव्ही का?" शेजारणीनं विचारलं.

"नाही, कॉम्प्युटरचा मॉनिटर."

"तुमचा बिघडला वाटतं?"

"नाही, तो चालू आहे. हा दुसरा."

हे काही तिला पटलं नाही. घरी सासूबाईंनाही पटवायचं होतंच, त्यामुळे मी जास्त बोलले नाही.

मी घरी बसून भाषांतरं करते. मिक्सर, गीझर, वॉशिंग मशीन यांच्या खोक्यात सगळ्यात वर ठेवलेली आणि सगळ्यात आधी हरवणारी जी माहितीपुस्तिका असते ना, तिचं मराठी. आधी एकच मॉनिटर होता, २४ इंची. इंग्रजी वाचायचं, आल्ट-टॅब दाबून खिडकी बदलायची, मराठी लिहायचं, पुन्हा आल्ट-टॅब. डाव्या हाताचा अंगठा त्या बटणावरून हलायचाच नाही. मूळ मजकूर डावीकडे आणि मराठी उजवीकडे असेल तर कामाचा वेग दुप्पट होईल, असा माझा हिशोब होता.

जोडणी मुलानं केली. जुन्याला निळ्या तोंडाची व्हीजीए केबल, तीन ओळींत १५ पिना आणि दोन बाजूंना फिरकीचे दोन स्क्रू. कॉम्प्युटरला मोकळं फक्त एचडीएमआय हे नव्या धाटणीचं तोंड, त्यामुळे मध्ये एक कन्व्हर्टर आला. चित्र लागलं ते एका बाजूला सरकलेलं, प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर कडेला गडप. समोरचं 'ऑटो' बटण दाबल्यावर थरथरून जागेवर बसलं. मग आणखी एक गंमत. माउसचा बाण उजवीकडे नेला की तो डावीकडच्या मॉनिटरमधून बाहेर यायचा! सेटिंगमध्ये एक आणि दोन नंबरचे चौकोन असतात, ते टेबलावर जसे आहेत तसेच मांडावे लागतात. ते उलटे राहिले होते. कॉम्प्युटरला आपलं टेबल दिसत नाही, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

तरी एक भिंत राहिलीच. माझ्या २४ इंची मॉनिटरची उंची १०८० पिक्सेल, जुन्याची १०२४. वरच्या कडा जुळवल्या तर खाली ५६ पिक्सेलांची पट्टी उरते, जिच्या पलीकडे काहीच नाही. तिथून बाण डावीकडे न्यायला गेलं की तो कडेला डोकं आपटत राहतो. जरा वर घ्यायचा, मग जातो. आता हाताला सवय झाली आहे, पण घरी आलेलं दुसरं कुणीही माउस धरलं की तिथंच अडकतं. शिवाय एकाचा पांढरा निळसर, दुसऱ्याचा पिवळट. एकच पान दोन्हीकडे ओढून पाहिलं तर अर्धं नुकतं छापलेलं आणि अर्धं आजोबांच्या ट्रंकेतलं वाटतं.

खरं म्हणजे ही चैन काही नवी नाही. व्हीजीए आलं १९८७ साली, आणि त्याच वर्षीच्या मॅकिंटॉश टू या कॉम्प्युटरला एकाहून जास्त मॉनिटर जोडता येत होते. विंडोजवाल्यांना ती सोय विंडोज ९८ पासून मिळाली, तीही थेट ९ मॉनिटरांपर्यंत. पण तेव्हाचे मॉनिटर म्हणजे मागे ढेरी सुटलेले, काचेचे, वजनदार. एक ठेवला की टेबल संपायचं, नऊ कुठे मांडणार? आणि मांडले असते तरी भरलेच असते म्हणा. ओटा कितीही लांब बांधा, भाजी चिरायला वीतभरच जागा उरते. माझ्या डाव्या मॉनिटरच्या कोपऱ्यात आठवड्याभरात व्हॉट्सॲप, कॅल्क्युलेटर आणि हवामानाचा अंदाज मुक्कामाला आले.

काम मात्र खरंच भराभर व्हायला लागलं. महिनाभरानं जुनी आणि नवी भाषांतरं शेजारी शेजारी लावून पाहिली. (दोन मॉनिटर असल्यामुळेच हे सुचलं!) नव्यात लिहिलं होतं, 'हे सुनिश्चित करा की प्लग सॉकेटमधून काढलेला आहे.' जुन्यात होतं, 'आधी प्लग काढा.'

माझं मलाच वाईट वाटलं. पूर्वी आल्ट-टॅब दाबल्यावर इंग्रजी वाक्य डोळ्यांआड व्हायचं आणि क्षणभर फक्त डोक्यात असायचं. तेवढ्यात त्याचे शब्द गळून जायचे, सांगायचं काय तेवढं राहायचं. आता वाक्य सतत समोर. मी मान वळवून एकेक शब्द उचलत होते आणि उजवीकडे तसाच्या तसा मांडत होते, बाजारातली भाजी न निवडता फ्रीजमध्ये ठेवावी तशी.

तेव्हापासून मी एक परिच्छेद वाचते आणि डाव्या मॉनिटरचं बटण दाबून तो बंद करते. मराठी लिहून झालं की पुन्हा चालू, मग आकडे ताडायचे: व्होल्ट, लिटर, किती मिनिटं, काही सुटलं तर नाही. त्या ताडण्याला दोन मॉनिटरांसारखं सुख नाही. मुलगा म्हणतो, "आई, एवढ्या लांबून आणलास तो बंद ठेवायला?"

यात एकच भानगड आहे. बटण दाबलं तरी कॉम्प्युटरच्या लेखी तो मॉनिटर तिथंच असतो. उघडलेली खिडकी कधीकधी त्या अंधारात जाऊन बसते. विंडोज, शिफ्ट आणि उजवा बाण अशी तीन बटणं एकदम दाबून तिला ओढून आणता येतं, पण माउस त्या बाजूला गेला तर हाका मारायची सोय नाही. परवा संध्याकाळी मी अशीच माउस गरागरा फिरवत बसले होते. सासूबाई जपाची माळ घेऊन मागच्या खुर्चीत होत्या.

"काय शोधतेस गं?"

"बाण हरवलाय."

माळ तशीच हातात धरून त्या लगबगीनं देवघरात गेल्या. परत आल्या तेव्हा चेहरा निवांत होता.

"अगं, आहे की जागेवर. पंचायतनातच आहे, गणपतीशेजारी."