मिल्टनची रात्र

८ ऑक्टोबर २०२४. पहाटे साडेपाचला मोबाइलवर मिल्टन चक्रीवादळाच्या केंद्रातल्या हवेच्या दाबाचा आकडा आला, ८९७ हेक्टोपास्कल. हा दाब जितका कमी, तितकं वादळ जोरदार. अंगावर काटाच आला. मेक्सिकोच्या आखातातलं मिल्टन एका दिवसात थेट पाचव्या, म्हणजे सगळ्यात तीव्र श्रेणीत, वारे ताशी २८५ किलोमीटर! चोवीस तासांत ताशी ५५ किलोमीटरनं वेग वाढला तरी आम्ही हवामानवेडे डोळे विस्फारतो. उपग्रहाच्या चित्रात वादळाचा डोळा एवढासा, टाचणीनं टोचल्यासारखा. आखाताचं पाणीच तापलंय.

बाबांनी विचारलं, "आपल्याकडे येते काय थे?"

म्हटलं, नाही, फ्लोरिडाकडे चाललंय.

"तिथं बी माणसंच हायेत ना बाप्पा," म्हणाले, अन् सोयाबीनच्या सुडीवरची ताडपत्री दोरीनं आवळत राहिले.

दिवसभर सोंगणीत होतो, पण धुऱ्यावर टेकलो की हात खिशाकडेच जायचा. तिथल्या लोकांना घरं सोडायला सांगितलंय. सगळे वेळेत निघोत.