अण्णांचा खोकला आणि परसातला अडुळसा

वाई तालुक्यातल्या आमच्या घराच्या परसाला अडुळशाचे कुंपण आहे. आजोबांनी ते लावले तेव्हा त्यांच्या मनात औषध नव्हते. शेळ्या आणि गुरे अडुळशाला तोंड लावत नाहीत आणि पावसाळ्यात फांदी छाटून रोवली की ती सहज जगते, एवढ्याच हिशेबाने ते लावले होते. औषध म्हणून त्याचा मान आईने आणि तिच्या आधी आजीने राखला. घरात कोणाला खोकला झाला की सात-आठ पाने, ज्येष्ठमध, बेहड्याची साल, सुंठ आणि खडीसाखर यांचा काढा चुलीवर चढे, आणि त्या कडू वासाने घर भरून जाई. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी, पावसाळा सरता सरता, माझ्या वडिलांना, म्हणजे आमच्या अण्णांना, खोकला लागला तेव्हा मी दुसरा कोणताही विचार न करता कुंपणाची पाने खुडली.

काढ्याने गुण आला, आणि तो खरा होता. पूर्वी रात्रभर कोरडी ढास लागून अण्णा उठून बसत. आता कफ सुटू लागला, छाती हलकी वाटू लागली आणि ते पहाटेपर्यंत सलग झोपू लागले. चौथ्या दिवशी खोकला पुन्हा वाढला, तेव्हा मी काढा अधिक दाट केला. पुढे पानांचा अंगरस मधातून देऊ लागले. नुसती कच्ची पाने कुटली तर त्यांतून रस निघतच नाही. पाव किलो पाने पाट्यावर वाटून फडक्यातून पिळली तरी दोन चमचेही हाती आले नाहीत. शेजारच्या काकूंनी पाने आधी वाफवून घ्यायला शिकवले. पाने कुटून त्यांचा गोळा दुसऱ्या पानांत गुंडाळायचा, वरून माती लिंपून निखाऱ्यात भाजायचा आणि मग पिळायचा, या वैद्यकातल्या जुन्या पुटपाकामागचे कारण हेच असल्याचे मला नंतर कळले.

असे साडेपाच आठवडे गेले. अण्णांचे धोतर कमरेला सैल होऊ लागले होते, संध्याकाळी अंग कोमट लागत होते आणि पहाटे बंडी घामाने भिजत होती. या तिन्ही गोष्टी मी रोज पाहत होते. परंतु कफ सुटतो आहे, म्हणजे आजार उतरतो आहे, असे मी मनाशी पक्के धरले होते, आणि त्या एका समजुतीपुढे बाकीचे काही मला दिसले नाही.

अखेर अधिक चांगला काढा विचारावा म्हणून मी अण्णांना वाईला एका वैद्यबाईंकडे घेऊन गेले. अडुळशाबद्दल बोलण्याआधी त्यांनी विचारले, "खोकला किती दिवसांचा आहे?" मी सांगितले. त्यांनी अण्णांचे वजन केले, नाडी पाहिली, आणि काढ्याची चिठ्ठी न देता थुंकीच्या तपासणीसाठी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी दिली. "दोन आठवड्यांच्या वर गेलेल्या खोकल्याला आधी तपासायचे, ताई, मग औषधाचे बोलायचे," एवढेच त्या म्हणाल्या. दवाखान्यात सीबीनॅट या, थुंकीतला क्षयाचा जंतू ओळखणाऱ्या यंत्रावर तपासणी झाली आणि त्याच दिवशी निदान हाती आले. अण्णांना फुप्फुसाचा क्षयरोग झाला होता.

उपचार सुरू झाला. वजनानुसार ठरवलेल्या गोळ्या रोज, न चुकता, सहा महिने घ्यायच्या होत्या. पहिले दोन महिने चार औषधे एकत्र आणि पुढचे चार महिने तीन. त्यांतल्या रिफाम्पिसिन या औषधामुळे लघवी नारिंगी होते, घाबरू नका, हे परिचारिकेने आधीच बजावले होते, म्हणून आम्ही घाबरलो नाही. घरातल्या सर्वांचीही तपासणी झाली. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली: या गोळ्यांचा भार यकृतावर पडतो, तेव्हा न विचारता कोणताही काढा द्यायचा नाही. त्या दिवशी मी काढ्याचे पातेले घासून फळीवर ठेवले आणि मनात मोठी पोकळी जाणवली. आजीपासून चालत आलेली गोष्ट खोटी होती का, हा प्रश्न मला सोडवत नव्हता. मी शिक्षिका आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी त्याचा छडा लावायचे ठरवले. वैद्यबाईंनी मला आठवड्यातून एक दुपार दिली, आणि त्यांचे ते ऋण मी विसरणार नाही.

पहिली दुपार झाड ओळखण्यातच गेली. पाने समोरासमोर, भाल्याच्या आकाराची, वाळली की पिवळसर होणारी. फूल पांढरे, दोन ओठांचे, खालच्या ओठावर जांभळट रेघा. उघडलेल्या जबड्यासारख्या या फुलावरूनच संस्कृतात त्याला सिंहास्य म्हणतात. वासा आणि अटरूषक ही त्याची आणखी नावे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये जस्टिसिया अधातोडा असे शास्त्रीय नाव दिले, ते याच झुडपाला. गुजरातीत अडुळशाला अरडूसी म्हणतात आणि आपल्याकडच्या महारुखाला अरडूसो. एका मात्रेच्या फरकाने झुडपाच्या जागी मोठा वृक्ष येतो, म्हणून दुकानातली वाळलेली पाने किंवा भुकटी डोळे मिटून घेऊ नये, असे वैद्यबाईंनी सांगितले.

नंतरच्या दुपारी पानाच्या आत काय आहे ते त्यांनी समजावले. अडुळशाच्या पानात व्हॅसिसिन नावाचे अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारे एक गुणकारी द्रव्य, असते आणि त्याचा काही भाग हवेच्या संपर्काने व्हॅसिसिनोनमध्ये बदलतो. आकसलेल्या श्वासनलिका सैल करण्याचा गुण या द्रव्यांमध्ये दिसतो. व्हॅसिसिनच्या रचनेवरून पुढे ब्रोमहेक्झिन हे औषध तयार झाले आणि १९६३ मध्ये ते वापरात आले. शरीरात त्यापासून तयार होणारे अँब्रोक्सॉल पुढे स्वतंत्र औषध म्हणून मिळू लागले. चिकट कफ पातळ करून तो बाहेर पडायला मदत करणे हे दोहोंचे काम. खोकल्याच्या कितीतरी औषधांच्या बाटल्यांवर ही नावे मी वाचली होती, पण त्यांचे मूळ माझ्या परसातल्या कुंपणाशी जोडलेले आहे, हे मला ठाऊक नव्हते. आजी खोटी नव्हती, हे त्या दुपारी मला समजले आणि माझे डोळे भरून आले.

मग मी मनात घर करून बसलेला प्रश्न विचारला. अडुळसा असताना रक्तपित्त (अंगातून रक्त पडण्याचा विकार), क्षय आणि खोकल्याच्या रोग्याने खचून का जावे, अशा अर्थाचा एक श्लोक वैद्यपरंपरेत प्रसिद्ध आहे, आणि त्यात क्षयाचे नाव आहे. शिवाय ब्रोमहेक्झिन आणि अँब्रोक्सॉल प्रयोगशाळेत क्षयाच्या जंतूंची वाढ रोखतात, असेही मी वाचले होते. मग काढा का पुरला नाही? वैद्यबाईंनी शांतपणे उत्तर दिले. काचेच्या नळीतल्या जंतूला औषधात बुडवता येते. फुप्फुसातल्या गाठीत दडलेल्या जंतूपर्यंत तेवढी मात्रा काढ्यातून पोहोचत नाही. हा जंतू फार सावकाश वाढतो, एकाचे दोन व्हायला त्याला पंधरा-वीस तास लागतात, आणि त्यातले काही नुसते निपचित पडून राहतात. म्हणून औषध महिनोन् महिने घ्यावे लागते, आणि एकाच औषधाला ते सरावू नयेत म्हणून औषधे एकत्र द्यावी लागतात. रॉबर्ट कॉख यांनी हा जंतू १८८२ मध्ये दाखवून दिला. त्यापूर्वीच्या वैद्यांपुढे होता तो खोकणारा, झिजणारा, कधी रक्त थुंकणारा माणूस, आणि त्याचा त्रास अडुळशाने हलका होत होता.

आमच्या भागातून पसरणीचा घाट चढला की पाचगणी लागते. क्षयाच्या रोग्यांसाठी तिथे १९१२ मध्ये डॉ. बिलिमोरियांनी आरोग्यधाम उभारले होते. विश्रांती, मोकळी हवा आणि सकस अन्न हाच तेव्हाचा उपचार; पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हाती येण्यास १९४३ साल उजाडावे लागले. तो घाट मी शेकडो वेळा चढले आहे. पण अण्णांच्या रोजच्या मूठभर गोळ्यांचे मोल मला कळले ते हे ऐकल्यानंतर.

शेवटच्या भेटीत वैद्यबाईंनी एक सावधगिरी सांगितली, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण घरगुती म्हणून अडुळसा निर्धास्तपणे दिला जातो. व्हॅसिसिनमुळे गर्भाशय आकुंचन पावते, म्हणून गर्भवतीला अडुळसा देऊ नये. गेल्या वर्षी शेजारची सून पाने मागायला आली तेव्हा तिला पाचवा महिना होता. मी तिला पाने दिली नाहीत. आरोग्य केंद्रात घेऊन गेले.

अण्णांचा सहा महिन्यांचा उपचार पूर्ण झाला, थुंकीची तपासणी निर्दोष आली आणि उतरलेले वजन बरेचसे भरून आले. कुंपण मी तोडले नाही. मागच्या श्रावणात त्यांना सर्दीचा खोकला झाला, तेव्हा डॉक्टरांना विचारून चार दिवस काढा दिला, आणि पाचव्या दिवशी ते शेतावर गेले. आता कोणी पाने मागायला आले की मी फाटकापाशीच विचारते, "खोकला किती दिवसांचा?" दोन आठवड्यांच्या आतला असेल तर ओंजळभर पाने खुडून देते. त्याहून जुना असेल तर तपासणीसाठी कुठे जायचे ते सांगते, आणि सोबत कोणी नसेल तर शाळा सुटल्यावर मीच जाते.