डिकीतली फळी आणि करमल घाट

श्रावणातल्या सोमवारी काणकोणला, श्रीस्थळच्या मल्लिकार्जुनाला जायचं, हा आमच्या सासूबाईंचा नेम. साखळीहून उसगाव, खांडेपार, फोंडा, मग बोरीचा पूल ओलांडून मडगाव, आणि पुढे राष्ट्रीय महामार्ग 66 ने कुंकळ्ळी, बाळ्ळी, करमल घाट, चावडी (काणकोणची बाजारपेठ). उत्तरेतून निघून जवळजवळ कारवारच्या वेशीपर्यंत. गाडी मी चालवते आणि डिकीही मीच भरते. त्यात कोणी ढवळाढवळ केलेली मला खपत नाही.

हल्ली तयार ‘इमर्जन्सी किट’ मिळतं. झकपक लाल बॅग, आत हातमोजे, शिट्टी, काच फोडायची हातोडी. वाईट नाही, पण ती बॅग भरणाऱ्याने गोव्यातला पाऊस पाहिलेला नसावा. इथे जुलै-ऑगस्टमध्ये गाडी बंद पडली की बिघाड शोधण्याआधी पाय कुठे टेकवायचा ते शोधावं लागतं. म्हणून माझ्या डिकीत सगळ्यात वर रेनकोट, डोक्याला बांधायची बॅटरी आणि घडीचं स्टूल असतं. स्टूल सासूबाईंसाठी. नवरा हसतो, हसू दे.

बाळ्ळी सोडून घाट चढायला लागलो आणि मागून फदफद आवाज सुरू झाला. डावं मागचं चाक बसलं होतं. वळणावर थांबण्यात अर्थ नव्हता, त्यामुळे चारी इंडिकेटर लावून तशीच हळूहळू गाडी सरळ पट्ट्यावर नेली. टायर गेला तर गेला. नवऱ्याने इशाऱ्याचा लाल त्रिकोण उचलला आणि मागे वळणाच्याही अलीकडे नेऊन ठेवला; वळणानंतर ठेवलेला त्रिकोण ट्रकवाल्याला दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. वाऱ्याने तो आडवा होऊ नये म्हणून पायाशी दगड. आपल्याकडे झाडाची फांदी आणि दगड मांडायची रीत आहे, तीही चालते. मात्र गाडी सुरू झाल्यावर ते दगड तिथेच टाकून जाणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. रात्री एखादा स्कूटरवाला त्यावरच जातो.

सासूबाई गाडीपासून बाजूला, दरडीपासूनही लांब, स्टुलावर. वर मोठी छत्री, हातात जपमाळ.

आता खरं काम. रस्त्याच्या कडेची जांभ्याची माती पावसात लोण्यासारखी होते. जॅकचं बूड तळहाताएवढं. हँडल फिरवावं, तर गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच खाली रुतत जातो आणि तिरपा होतो. हीच वेळ धोक्याची. यासाठी डिकीत जाड प्लायवूडची फूटभर चौकोनी फळी ठेवते. सुताराकडे उरलेला तुकडा, फुकट मिळाला. ती खाली दाबून बसवली, वर जॅक, आणि गाडी तसूभरही न डगमगता उचलली गेली. त्याआधी हँडब्रेक, पहिला गिअर, समोरच्या तिरक्या बाजूच्या चाकाला दगड, आणि चाक जमिनीवर असतानाच नट सैल करून घेतलेले. टायरवाले हवेच्या गनने नट आवळतात. गाडीबरोबर आलेला वीतभर पाना त्यापुढे काहीच करत नाही. चार तोंडांचा क्रॉस पाना घ्यावा, दोन्ही हातांनी जोर लावता येतो.

नट निघाले, चाक निघेना. किनारपट्टीची खारी हवा आणि पाऊस यांनी चाक हबला, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, गंजून चिकटतं. अशा वेळी दोन नट दोन-तीन आटे परत चढवायचे, म्हणजे चाक अंगावर येत नाही, आणि टायरला टाचेने एकदा वरून, एकदा खालून लाथ घालायची. तिसऱ्या लाथेला सुटलं. एवढ्यात एक पिकअप थांबली. “कितें जालें?” म्हणत ड्रायव्हर उतरला, बघितलं, काम होत आलेलं दिसल्यावर नवऱ्याला म्हणाला, “बाय जाणा मरे सगळें!” आणि गेला. नवरा काही बोलला नाही.

स्टेपनीत हवा कमी होती, ती असतेच. बारा व्होल्टच्या छोट्या पंपाने तिथेच भरली. 2020 साली मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालते. कायद्याने चालते, माझ्या मते आपल्या रस्त्यांवर नाही. खड्ड्याच्या कडेने टायरची बाजूची भिंत फाटली तर तिथे पंक्चरची पट्टी बसत नाही, टायरच बदलावा लागतो.

देवदर्शन छान झालं, गर्दी बेताची. चावडीला पंक्चरवाल्याने टायरमधून छत्रीच्या काडीचा तुकडा काढला. श्रावणातलं पंक्चर!

परत येताना मुद्दाम आगोंदवरून किनाऱ्याच्या रस्त्याला लागलो. तिथे गल्लीच्या टोकाला, वाळूत, काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची गाडी रुतली होती. पुण्याची चार मुलं, अॅक्सिलरेटर दाबून चाक आणखी खोल घालत होती. (किनाऱ्यावर गाडी घालायला गोव्यात बंदी आहे, ही निदान रस्त्याच्या कडेला होती.) आमच्याकडचं गोणपाट पुढच्या चाकांसमोर अंथरलं, टायरमधली हवा 20 पीएसआयपर्यंत उतरवली, स्टिअरिंग सरळ आणि पाय हलका. गाडी निघाली. पंपाने हवा परत भरून दिली. सासूबाईंनी मुलांना उपवासाचे शेंगदाण्याचे लाडूही दिले. माझ्या डिकीतला तो एकमेव साठा ज्याची आखणी त्यांची.

“काकू, हे पोतं ऑनलाइन मिळतं का?” त्यातल्या एकाने विचारलं.

“म्हापशाला शुक्रवारचा बाजार असतो, तिथे बघ. नाहीतर कुठल्याही भुसारी दुकानात रिकामं तागाचं पोतं माग. प्लॅस्टिकचं देतील, ते घेऊ नकोस. चाक त्यावर नुसतं गरगर फिरतं.”