टोकियोत मला कोणीतरी विचारलं, ‘घरी काय खाता?’

गेल्या मंगळवारी हॉस्पिटलात जे झालं ते अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे हे जुन्या वाचकांना माहीत आहे, इथे त्याला ‘काइयोसेई दाइचोएन’ म्हणतात. मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, रक्त पडतं, दिवसातून दहा-बारा वेळा पळावं लागतं. मार्चमध्ये परत भडकलं, अकरा दिवस अॅडमिट होते. आता बरी आहे.

तर मंगळवारी आहारतज्ज्ञ बाईंकडे बोलावलं होतं. इथे औषध देऊन मोकळे होत नाहीत, डॉक्टर आहारतज्ज्ञाकडे पाठवतात आणि ती बाई अर्धा तास समोर बसून ऐकते. त्यांनी आधी एक कागद दिला होता, सात दिवसांचे सात चौकोन, जे तोंडात गेलं ते सगळं लिहायचं, चहाबरोबरचं बिस्किटसुद्धा. मी मनात म्हटलं, बघा आता. मी कुडाळची, मासे-भात खाणारी, सोलकढी पिणारी, माझ्यात काय चूक काढणार. खरं सांगते, कौतुक होईल असंच वाटत होतं.

कागद भरला आणि रविवारी रात्री वाचून बघितला. सात दिवसांत मासे एकदा. सकाळी पाचही ऑफिसचे दिवस ब्रेड, बटर आणि चहा-बिस्किटं. दुपारी तीनदा कोनबिनीतलं म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास दुकानातलं क्रीम भरलेलं पाव, दोनदा तळलेल्या चिकनचा बेन्तो म्हणजे तयार डबा. मुलाला भूक लागली म्हणून दोन संध्याकाळी कपातले नूडल्स, त्यातलं उरलेलं मी खाल्लं. शनिवारी इंडियन स्टोअरमधून आणलेले फ्रोझन पराठे. भात चार वेळा. पेज शून्य. सोलकढी शून्य.

आता कोणी म्हणेल वेळ काढायचा. सकाळी सातची मेट्रो, मुलाची शाळा, नवरा रात्री दहाला घरी येतो, टोकियोतल्या आमच्या निशिकासाई भागात हजारो भारतीय असले तरी शेजारी डबा करून द्यायला मावशी नाहीत. ज्याला बोलायचंय त्याने इथे सहा महिने राहून बघावं.

बाईंनी कागद शांतपणे वाचला. रागावल्या नाहीत. विचारलं, ‘तुमच्या आईच्या घरी काय खायचे?’ मी सांगायला लागले, उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, बांगडा, तिरफळाची आमटी, आणि सांगता सांगता गळा भरून आला, दुसऱ्या देशातल्या माणसासमोर पेजेवरून रडू यावं हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं. त्या म्हणाल्या, माझ्या आजीचं ताटही असंच होतं, भात, मासा, मिसो सूप, लोणचं. माझ्या मुलांचं नाही.

हा आजार जपानमध्ये जवळजवळ नव्हताच. १९७५ साली सरकारने कोलायटिस दुर्धर आजारांच्या यादीत घेतला तेव्हा नोंदलेले पेशंट हजाराच्या आत होते. २०१४ च्या देशभरातल्या पाहणीत अंदाज आला सव्वादोन लाखांच्या आसपास, शिवाय त्याचाच भाऊ असलेल्या क्रोन्स या आतड्याच्या आजाराचे सत्तर हजार. माणसं तीच, बेटं तीच, चाळीस वर्षांत जीन्स बदलत नाहीत. बदललं काय? तपासण्या वाढल्या हे खरं, लहानपणी अँटिबायोटिक्स जास्त गेली असतील, बाकीही कारणं डॉक्टर सांगतात. पण सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव ताटाचं येतं.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर ऐंशीच्या पुढच्या एक आजी राहतात. त्यांनी सांगितलं, युद्धानंतर शाळेत त्यांना पाव आणि दुधाच्या पावडरचं दूध मिळायचं, ते इतकं वास मारायचं की नाक दाबून प्यायचे, पण पोटात काही नव्हतं म्हणून प्यायचे. १९५४ मध्ये शाळेतल्या जेवणाचा कायदाच झाला, गहू अमेरिकेहून यायचा, भात शाळेच्या ताटात अधिकृतपणे परत आला तो १९७६ मध्ये. म्हणजे एक अख्खी पिढी दुपारी पाव खाऊन मोठी झाली. मधल्या काळात १९५८ ला इन्स्टंट नूडल्स आले, १९७१ ला टोकियोतल्या गिंझामध्ये पहिलं मॅकडोनाल्ड्स. १९६२ मध्ये इथला माणूस वर्षाला ११८ किलो तांदूळ खायचा, आता पन्नासच्या आसपास. माझे सासरे मंगळवेढ्याचे, ज्वारीचं गाव, १९७२ च्या दुष्काळात त्यांनी अमेरिकेहून आलेली मिलो म्हणजे तांबडी ज्वारी, आणि सुकडी खाल्लेली आहे, त्यांना ही आजींची गोष्ट फोनवर सांगितली तर म्हणाले, ‘म्हणजे त्यांनाही आमच्यासारखंच दिलं होय.’

१९९६ मध्ये इथल्या संशोधकांनी १९६६ ते १९८५ चे आहाराचे आकडे आणि क्रोन्सच्या केसेस शेजारी शेजारी ठेवून बघितले. प्राण्यांपासूनचं प्रोटीन जसं वाढलं तसा आजार वाढत गेला, तेलातलं ओमेगा सिक्सचं प्रमाण ओमेगा थ्रीच्या तुलनेत वाढलं त्याचाही संबंध दिसला. डाळी-भाज्यांचं प्रोटीन उलट दिशेला. आणि माशांच्या प्रोटीनचा संबंध नाही! हे वाचून मला काय आनंद झाला सांगू, आईला लगेच मेसेज केला की बांगडा निर्दोष. अर्थात दोन गोष्टी बरोबर वाढल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही, हे मला कळतं. पण अकिताच्या डॉ. मित्सुरो चिबांनी २०१० मध्ये छापलेलं वाचलं आणि बरं वाटलं. क्रोन्सचे बावीस पेशंट, आजार शांत झाल्यावर त्यांना जवळजवळ शाकाहारी जेवण दिलं, मासा आठवड्याला एकदा, मांस पंधरवड्यात एकदा. दोन वर्षं जे सोळा जण ते पाळत राहिले त्यातले पंधरा बरे राहिले, ज्यांनी सोडलं त्या सहापैकी दोघंच. बावीस माणसं म्हणजे फार नाहीत, तरी.

एका गोष्टीचं मात्र कौतुक करायला शब्द पुरत नाहीत, ते म्हणजे इथलं पाकिटाच्या मागचं लेबल. २०१५ पासून लागू झालेल्या कायद्याने पॅकबंद खाण्यावर पाच आकडे सक्तीचे झाले: कॅलरी, प्रोटीन, फॅट, कार्बोहायड्रेट आणि मीठ. हसाल, म्हणाल आपल्याकडेही असतं. असतं, पण शंभर ग्रॅमला इतकं, सर्व्हिंगला तितकं, आणि अक्षर असं की भिंग लागावं. इथे बहुतेक वेळा त्या एका ओनिगिरीचं म्हणजे भाताच्या गोळ्याचं, त्या एका पावाचं. माझ्या ऑफिसात एक क्रोन्सवाली मैत्रीण आहे, तिला दिवसाला तीस ग्रॅमच फॅट चालतं, ती दुकानात उभी राहून पाकीट उलटं करते, ‘शिशित्सु’ म्हणजे फॅटच्या ओळीवर बोट ठेवते, आणि मनातल्या मनात वजाबाकी करते. साल्मनची ओनिगिरी दीड-दोन ग्रॅम, घे. कपातले नूडल्स पंधराच्या आसपास, अर्धा दिवस संपला, ठेव. हे सगळं पाच सेकंदांत. दुपारी ती कधीकधी बाटलीत पांढरी पावडर पाण्यात हलवून पिते, एलेंटाल म्हणतात, आतड्याला पचवायचे कष्ट पडू नयेत म्हणून अन्नाचे आधीच सुटे केलेले भाग असतात त्यात, चव म्हणे भयंकर म्हणून फळांचे फ्लेवर मिसळायला मिळतात. टेबलावर सगळ्यांसमोर पिते, कोणी विचारत नाही, कोणी ‘काय ग तब्येत उतरली’ म्हणत नाही. आपल्याकडच्या लग्नात ती बाटली काढली असती तर चार मावश्यांनी चार काढे सुचवले असते.

पण मावश्यांना नावं ठेवायचा मला काय अधिकार. मी स्वतः वर्षभर लपवलं. पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हा आईला फोन केला, आई म्हणाली, ‘मूळव्याध आसतली गो, ताक पी आणि तिखट बंद कर.’ मी ताक प्यायले, कुडाळहून आलेल्या माणसाबरोबर चूर्ण मागवलं. २८ ऑगस्ट २०२० ला पंतप्रधान शिंझो आबे टीव्हीवर आले आणि राजीनामा देतोय म्हणाले, कारण हाच आजार, २००७ मध्येही याच्यामुळेच सोडलं होतं. संध्याकाळभर चॅनेलवर आतड्याच्या आकृत्या. देशाचा पंतप्रधान सगळ्यांसमोर आतड्याच्या आजाराचं नाव घेतो, आणि मी तेव्हा सोफ्यावर बसून बघत होते, त्या आठवड्यात मला रोज रक्त पडत होतं, तरी माझ्या डोक्यात आलं नाही की हे माझं असेल. मला वाटलं, हे जपानी लोकांना होतं. आम्ही घरचं खातो.

ही ‘घरचं खातो’ची गोष्ट मला आता फार टोचते. माझा मावसभाऊ कोल्हापूरला असतो, जुलाब, ताप, वजन चौदा किलो उतरलं. तिथे आतड्याचा टीबी म्हणून नऊ महिने एकेटी म्हणजे टीबीची औषधं दिली, गोळ्यांनी लघवी लाल व्हायची, उपयोग झाला नाही, मग पुण्यात कळलं की क्रोन्स. मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही, दोन्ही आजार आतड्याच्या त्याच कोपऱ्यात बसतात, बायोप्सीतही सारखे दिसू शकतात, आणि टीबी आपल्याकडे घरोघरी आहे. पण नऊ महिन्यांत एकानेही त्याला विचारलं नाही की बाबा तू खातोस काय. तो हॉस्टेलवर वडापाव, खारी, क्रीम बिस्किटं आणि दोन मिनिटांचे नूडल्स यांवर चार वर्षं राहिला होता.

आणि आपल्याकडे हा आजार नाही, ही समजूत काढून टाका. लुधियानात घरोघरी जाऊन मोजणी केली होती, २००३ मध्ये छापून आलं, लाखात ४४ जणांना कोलायटिस. वीस वर्षांपूर्वीचा आकडा आहे हा, आणि दुधा-तुपाच्या पंजाबातला. इंग्लंडात लेस्टरला स्थायिक झालेल्या आपल्या लोकांवरचा अभ्यास १९९२ चा, तिथल्या गोऱ्यांपेक्षा आपल्या लोकांत नवे पेशंट साधारण दुप्पट. म्हणजे आपल्या पोटात काही वेगळी ढाल नाहीये. एकवीस देशांत १ लाख १६ हजार माणसं धरून केलेला एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये आला, त्यात भारतही होता. दिवसाला पाच किंवा जास्त सर्व्हिंग कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं खाणाऱ्यांना, दिवसाला एका सर्व्हिंगपेक्षा कमी खाणाऱ्यांपेक्षा या आजारांचा धोका ८२ टक्क्यांनी जास्त. साधं मांस, दूध, भात यांचा त्यात संबंध सापडला नाही. उंदरांवरच्या प्रयोगात तर पदार्थ एकजीव राहावा म्हणून घालतात त्या इमल्सिफायरनेच आतड्याचा श्लेष्माचा थर पातळ झाला होता. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. पण माझ्या कागदावरचं क्रीमचं पाव मी परत घेतलेलं नाही.

हे सगळं वाचून कोणी भडका उडालेला असताना भाकरी आणि कच्ची कोशिंबीर खायला लागू नका, मी तो मूर्खपणा केलाय, दोन दिवसांत अॅडमिट झाले. तेव्हा आतड्याला चोथा झेपत नाही. हॉस्पिटलात मला काय दिलं माहितीये? पेज. तिला इथे ओकायू म्हणतात, आणि तिचे दर्जे असतात, आधी तीन-भागांची पातळ, मग पाच, मग सात, मग पूर्ण घट्ट. ट्रेवर लिहिलेलं असतं आज कितवी. सहाव्या दिवशी वाटीवरचं झाकण उघडलं, वाफ आली, वर एक आंबट-खारट उमेबोशी म्हणजे खारवलेलं फळ, आणि मला आजीच्या घरचं कैरीचं खारं आठवलं, ताप आला की तेच द्यायची. निवळ आधी, शितं नंतर. तिला कोणी शिकवलं होतं?

मंगळवारी निघताना आहारतज्ज्ञ बाईंनी कोरा कागद परत दिला, पुढच्या महिन्यासाठी. दोन मागून घेतले. रविवारी आईला फोन लावून म्हटलं, तू सांग, मी लिहिते. सकाळी चहा-खारी. दुपारी भात, आमटी, मासे महाग म्हणून आठवड्यातून दोनदा. रात्री नातवासोबत त्याचे नूडल्स, तो एकटा जेवत नाही ना. चौथ्या दिवशी मी विचारलं, आणि पेज? आई म्हणाली, ‘पेज आता कोण करता गो, सकाळची घाई. उकडे तांदूळ तर गेल्या वर्षापासून आणूकच नाय.’

मी तेही लिहिलं. पुढच्या भेटीला दोन्ही कागद नेणार आहे.